निदान, निदान तरी करा!

'निदान' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. वैद्याच्या तोंडी आला की त्याचा अर्थ रोगाची ओळख आणि आईच्या तोंडी आला की 'किमान'. "निदान दोन घास तरी खाऊन जा," असे सकाळच्या घाईत ती म्हणते तेव्हा तिला कुठल्याही रोगाची ओळख पटवायची नसते. व्याकरणाच्या वहीत हे दोन अर्थ मी दोन वेगळ्या रकान्यांत लिहिले होते. गेल्या वर्षी एका बोटभर लांबीच्या माशाने ते एकत्र आणले, आणि तेव्हापासून मला ते वेगळे करता आलेले नाहीत.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात माशांच्या त्वचारोगांवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. प्रेम, पाऊस आणि परीक्षा हे आपले नेहमीचे विषय सोडून ही भलतीकडे कुठे निघाली, असेही कुणी म्हणेल. परंतु माझी मूळ तक्रार एका शब्दाबद्दल आहे. आणि शब्द हा तर आपलाच प्रांत.

माझे मामा आकुर्डीला राहतात आणि चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात रंगकामाच्या विभागात तपासनीस आहेत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी आहे, आणि तीत गोड्या पाण्यातले नव्हे, तर समुद्रातले मासे आहेत. समुद्र आकुर्डीपासून घाटाखाली, शंभरावर किलोमीटर दूर. तेव्हा तो घरीच तयार करावा लागतो. पवनेचे नळाला येणारे पाणी घ्यायचे, त्यातले क्लोरीन घालवायचे, आणि लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने पाकिटातले समुद्री मीठ त्यात विरघळवायचे. झाला आकुर्डीत समुद्र! या समुद्रात दोन नारिंगी क्लाऊन आणि एक निळा डॅमसेल अशी तीन माणसांची वस्ती होती. (माणसांची असे हातून लिहिले गेले, राहू द्या.)

एके दिवशी थोरल्या क्लाऊनची कातडी फिकट पडली. अंगावरून बुळबुळीत पापुद्रे सुटू लागले. तो तळाशी बसून भराभर श्वास घेऊ लागला. मामांनी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून दुकानदाराला पाठवले. एका मिनिटात उत्तर आले : "बुरशी आहे. निळे औषध टाका." मामांनी निळे औषध, म्हणजे मेथिलिन ब्ल्यू, टाकीत ओतले. शाईच्या दौतीत मासे पोहावेत तसे दृश्य झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मासा मेलेला होता.

तो कशाने मेला? रोगाने, की औषधाने? हे निळे औषध टाकीच्या गाळणीत राहणाऱ्या उपकारक जिवाणूंनाही सोडत नाही. हेच जिवाणू माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया पचवत असतात. ते मेले की पाण्यात विष साचू लागते. म्हणजे मासा आधीच आजारी, त्यात आम्ही त्याचे पाणीही बिघडवले. त्याची लक्षणे वाचून आज मला ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय येतो. क्लाऊन जातीत तो इतका आढळतो की त्याला 'क्लाऊनचा रोग' असेच नाव पडले आहे. पण हा नुसता संशय. खात्री आता कधीच होणार नाही, कारण मासा जिवंत असताना आम्ही कुणी त्याच्याकडे नीट पाहिलेच नव्हते. आम्ही फक्त एक शब्द ऐकला होता.

'बुरशी' हा तो शब्द. माशाच्या अंगावर पांढरे काहीही दिसले की आपल्याकडे त्याला बुरशी म्हणतात. गोड्या पाण्यातल्या माशांना कापसाच्या बोळ्यासारखी बुरशी खरोखरच येते. गोल्डफिश पाळणाऱ्यांनी ती पाहिलेली असते. पण ती गोड्या पाण्यातली बुरशी समुद्राच्या खारट पाण्यात तगत नाही, आणि समुद्री माशांच्या कातडीवर खरी बुरशी फार क्वचित आढळते. म्हणजे गोल्डफिशच्या भांड्यातला हा शब्द खाऱ्या टाकीत नुसता सवयीने येऊन बसला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे औषधही आले.

मला याहून आश्चर्य वाटले ते मामांचे. त्यांचा दिवस जातो कशात? गाडीच्या पत्र्यावरच्या रंगातले दोष शोधण्यात. ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या दोषांना तिथे किती नावे आहेत! धुळीचा कण बसला तर डस्ट, खळगा पडला तर क्रेटर, टाचणीने टोचल्यासारखे भोक असले तर पिनहोल, फोड आला तर ब्लिस्टर. प्रत्येकाचे कारण निराळे आणि उपायही निराळा. क्रेटर बहुधा तेलकटपणामुळे पडतो. तो धूळ झाडून जात नाही. ठिपका दिसला म्हणून कुणी लगेच वरून रंगाचा दुसरा हात मारला, तर मामा त्याला फैलावर घेतील. आधी दिव्याखाली धरायचे, भिंगातून पाहायचे, कारण शोधायचे, मग हात लावायचा, हा त्यांचा धर्म. आणि तेच मामा घरी एका शब्दावर विसंबून बाटली ओततात! निर्जीव पत्र्याच्या कातडीला चार नावे, आणि जिवंत प्राण्याच्या कातडीला एकच. मी हे बोलून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरं आहे गं. पत्र्याला जेवढं बघतो तेवढं याला बघितलं नाही."

चार महिन्यांनी धाकट्या क्लाऊनच्या अंगावर पांढरे कण दिसू लागले. या वेळी बाटली कपाटातच राहिली. मामांनी खुर्ची टाकीपुढे ओढली आणि भिंग घेतले. कण किती? अकरा. कुठे? परांवर आणि पाठीवर. सुटे की एकात एक मिसळलेले? सुटे. श्वास? किंचित जलद. खाणे? चालू. हे सगळे त्यांनी वहीत लिहिले. माझी आजी शेजारी बसून पाहत होती. तिला परजीवी ठाऊक नाहीत, पण तिचे डोळे स्वयंपाकघरात तयार झालेले आहेत. ती म्हणाली, "हा रवा आहे. मैदा नव्हे."

आजीच्या या वाक्याचे मोल मला नंतर कळले. समुद्री माशांच्या कातडीचे पुष्कळ रोग पहिल्या नजरेला पांढरेच दिसतात; भेद असतो तो पोताचा. क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे कण सुटे, सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे, मोजता येण्याजोगे असतात. हा रवा. अमायलोउडिनियम नावाचा दुसरा परजीवी याहून कितीतरी बारीक. तो अंगावर चाळणीतून भुरभुरल्यासारखा, तिरप्या उजेडातच दिसतो. हा मैदा, आणि तो कल्ल्यांवर बसून काही दिवसांतच जीव घेऊ शकतो. परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली तर तो लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही, आणि बहुधा लागतही नाही. मासा निवांत राहिला की कालांतराने गाठ आपोआप जाते. चौथे कातडीला चिकटणारे चपटे कृमी. ते पारदर्शक असल्याने दिसतच नाहीत. पण माशाला जपून, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात पाचेक मिनिटे ठेवले, की ते पांढरे होऊन तिळासारखे खाली गळतात. रवा, मैदा, फ्लॉवर, तीळ. पुस्तकी नावे लक्षात राहोत न राहोत, हे चार शब्द कुठल्याही मराठी घरात समजतील. आणि या चौघांना 'बुरशी' म्हणणे म्हणजे चारही डब्यांवर 'पीठ' अशी चिठ्ठी लावण्यासारखे आहे.

आजीचा शब्द हा अंदाज झाला. पुरावा हवा होता. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीने सूक्ष्मदर्शक मिळवून दिला. माशाच्या अंगावरून काचेची कड अगदी हलकेच फिरवून थोडा चिकट थर घेतला, त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकला आणि डोळा लावला. एक काळसर, गोल, केसाळ गोळा संथपणे स्वतःभोवती फिरत होता. क्रिप्टोकॅरिऑन! आयुष्यात पहिल्यांदा मला शत्रूचे तोंड दिसले, आणि त्याच क्षणी माझी भीती अर्धी झाली.

या शत्रूची रीत मोठी फसवी आहे. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरले की गळून तळाशी जातो, आणि तिथे कोष करून आत शेकडोंनी वाढतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कोष फुटून पिल्ले माशाच्या शोधात निघतात. म्हणजे कण दिसल्यावर तुम्ही टाकीत काहीही घाला, निळे औषध, हळद किंवा गंगाजल. चार दिवसांत मासा स्वच्छ दिसणारच! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. औषधाची कीर्ती गल्लीभर पसरते, आणि पुढच्या खेपेला अकराचे शंभर कण होऊन येतात. खोटी औषधे का टिकतात याचे याहून चांगले उदाहरण मला तर्कशास्त्राच्या पुस्तकातही सापडले नाही.

रोगाचे नाव कळल्यावर उपायही त्याच्या रीतीवरूनच सुचतो. तांब्याचे औषध या परजीवीवर चालते. पण त्याची मात्रा कमी झाली तर उपयोग नाही, जास्त झाली तर मासाच दगावतो, आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना ते घातक. मामांनी औषधाविना होणारा मार्ग धरला. दोन प्लास्टिकचे टब घेतले. दर तीन दिवसांनी दोन्ही मासे एका टबातून दुसऱ्यात हलवायचे, आणि मागचा टब धुऊन कडक वाळवायचा. गळून पडलेला परजीवी कोषातून बाहेर येण्याआधीच मासे पुढच्या घरी गेलेले असतात. अशा चार बदल्या झाल्या. मोठी टाकी अडीच महिने माशांविना रिकामी ठेवली, म्हणजे तिथल्या पिल्लांना यजमानच मिळू नये. आज ते दोन्ही मासे टाकीत सुखाने पोहत आहेत.

ही गोष्ट आपल्या गावच्या इतिहासाशीही जुळते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पिंपरी हे नाव पेनिसिलीनमुळे देशभर गेले. पेनिसिलीन काही जिवाणूंना मारते, बुरशीला नाही. पुढे याच कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी बुरशीवर चालणारे हॅमायसिन शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे चक्क आपल्या पिंपरीवरून पडलेले! पण क्रिप्टोकॅरिऑन जिवाणूही नव्हे आणि बुरशीही नव्हे. त्याच्यापुढे ही दोन्ही औषधे हतबल. प्रत्येक शत्रूला त्याचे शस्त्र, हे ज्या गावाने देशाला शिकवले, तिथेच आपण कशावरही काहीही ओततो.

हे फक्त माशांपुरते असते तर मी लेखणी उचलली नसती. आमच्या चाळीतल्या कितीतरी जणांनी घामाने आलेल्या गजकर्णावर दुकानातून कुणाची तरी 'ट्यूब' आणून लावलेली मी पाहिली आहे. त्या ट्यूबेत स्टिरॉइड असले की खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते आणि खाली बुरशी खुशाल पसरत राहते. इथे तर खरी बुरशी असूनही तिला बुरशी म्हणून कुणी ओळखत नाही! २०१८ मध्ये केंद्र सरकारला अशा मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंधन आणावे लागले. वास्तविक माणसाच्या कातडीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : गजकर्ण, खरूज, इसब, कोड, चामखीळ, कांजिण्या, गोवर, केसतूड. ज्या पिढ्यांनी हे शब्द घडवले त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळे मात्र होते. माधवकराच्या 'माधवनिदान' या प्राचीन ग्रंथात तर केवळ रोग ओळखण्याचाच विचार आहे. चिकित्सा त्यात नाही. नुसते ओळखणे हाही एका ग्रंथाचा विषय होऊ शकतो, असे त्या माणसाला वाटले!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, काही शे रुपयांचा मासा, मेला तर दुसरा आणावा. पण कारण न शोधता दुसरा आणला तर तो त्याच कोषांच्या टाकीत जाईल, आणि तिसराही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : समुद्राचा जीव आकुर्डीत कोंडावाच कशाला? हा प्रश्न मला पडतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर मजजवळ नाही. परंतु एकदा कोंडल्यावर त्याला आपल्याखेरीज कुणी नाही, एवढे निश्चित. त्याला 'इथे दुखते' असे सांगता येत नाही. त्याची कातडी हीच त्याची भाषा, आणि ती वाचणे हे आपले काम.

म्हणून माझे सहाध्यायांना आणि गुरुजनांना सांगणे एवढेच आहे. वाचणे ही आपली विद्या. कवितेच्या एका ओळीवर आपण तासभर घालवतो; 'श्वेत' आणि 'धवल' यांतला भेद वर्गात हिरीरीने मांडतो. तो भेद घरातल्या टाकीपुढे, आजाऱ्याच्या खाटेपुढे का विसरावा? भिंग, वही आणि दहा मिनिटे यांना फारसा खर्च येत नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही महिन्यातून एकदा पाहायला मिळाला, तर आपले मराठी बिघडणार नाही. कदाचित दोन नवे शब्द मिळतील.

थोरला क्लाऊन आम्ही कुंडीतल्या तुळशीखाली पुरला. तो कशाने गेला हे मामांच्या वहीत लिहिलेले नाही. त्या पानावर फक्त तारीख आहे. ते कोरे पान पाहिले की मला आईच्या स्वरात सांगावेसे वाटते : औषध मिळो न मिळो, जीव वाचो न वाचो, निदान, निदान तरी करा!