प्रिंटरच्या रांगेवर हक्क कुणाचा?

कार्यालयात प्रिंटरची रांग अडकली की पहिला फोन आयटी विभागाला जातो. तिथलं कुणी जागेवर नसलं, की कुणीतरी अ‍ॅडमिनचा पासवर्ड वापरून काम भागवतं. काही दिवसांत तो पासवर्ड अर्ध्या मजल्याला पाठ होतो. ही सवय मोडायलाच हवी, आणि त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

विंडोजच्या प्रिंट सर्व्हरवर प्रत्येक प्रिंटरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये तीन मुख्य परवानग्या असतात. ‘प्रिंट’ म्हणजे छापायला पाठवणं. ‘मॅनेज डॉक्युमेंट्स’ म्हणजे रांगेतल्या फाइली थांबवणं, पुन्हा सुरू करणं, रद्द करणं. ‘मॅनेज धिस प्रिंटर’मध्ये शेअरिंगपासून खुद्द परवानग्या बदलण्यापर्यंत सगळं आलं. स्वतःची चुकीची फाइल रद्द करायला मुळात कुणाचीच मनधरणी करावी लागत नाही. ती सोय आधीपासून दिलेली असते. खोळंबा होतो तो दुसऱ्याच्या फाइलमुळे. म्हणून प्रत्येक विभागातल्या एका जबाबदार माणसाला फक्त मधली परवानगी द्यावी. ती दिल्यानंतर रांगेत येणाऱ्या फाइलींनाच लागू होते, आधीच्या अडकलेल्यांना नाही, तेव्हा गरज पडण्याआधीच देऊन ठेवावी. फाइल तरीही हलली नाही आणि स्पूलर, म्हणजे रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, बंद करून चालू करायची वेळ आली, तर मात्र आयटीलाच बोलवावं.

एवढी काटेकोर वाटणी कशाला, असं वाटत असेल तर २०२१चा जुलै आठवावा. ‘प्रिंटनाइटमेअर’ नावानं गाजलेल्या त्रुटीत साधं लॉगिन असलेला माणूस स्पूलरमार्फत बनावट ड्रायव्हर घुसवून अख्ख्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती द्यावी लागली. ऑगस्टमध्ये त्यांनी सर्व्हरवरून ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार अ‍ॅडमिनपुरता केला. लोकांच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून रजिस्ट्रीत बदल करून हे बंधन उठवता येतं. ते उठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्या यंत्रांवर ड्रायव्हर आधीच बसवून ठेवण्याची मेहनत एकदाच करावी लागते.

परीक्षा विभाग आणि पगारपत्रकं छापणारा लेखा विभाग यांचा विचार वेगळा करावा लागतो. अनेक ठिकाणी प्रश्नपत्रिका परीक्षेच्या दिवशी ऑनलाइन येते आणि केंद्रावरच छापली जाते. तशा प्रिंटरच्या यादीत ‘एव्हरीवन’ राहता कामा नये. ते नाव सरळ काढून टाकावं. त्याच्यापुढे ‘डिनाय’वर खूण करू नये. नकार परवानगीपेक्षा वरचढ ठरतो आणि ‘एव्हरीवन’मध्ये आपणही येतो. परवानगी व्यक्तीच्या नावानं न देता गटाला द्यावी, म्हणजे बदली झाली की त्या माणसाला गटातून काढलं तरी पुरतं.

एवढं करूनही एक वाट उघडी राहते. बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर कुणाचंही काम थेट घेतात. आयपी पत्ता ठाऊक असलेला माणूस सर्व्हरला वळसा घालून छापू शकतो, आणि मग सर्व्हरवरच्या परवानग्यांचा त्याच्याशी काही संबंधच उरत नाही. प्रिंटरच्या स्वतःच्या वेबपानावर बहुधा अ‍ॅक्सेस लिस्ट असते. तिच्यात फक्त प्रिंट सर्व्हरचा पत्ता ठेवावा आणि त्या पानाचा कंपनीनं दिलेला पासवर्ड त्याच बैठकीत बदलून घ्यावा.