आधी अर्थिंग बघा, मग फायबर

लॅपटॉपला स्पीकर जोडून गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा आवाज ओळखीचा आहे. चार्जर लावला की गाण्यामागे बारीक 'हूंऽऽ' सुरू. माऊस हलवला की किरकिर. चार्जर काढला की एकदम शांत. म्हणजे गाण्यात दोष नाही, स्पीकरातही नाही. वीज नको त्या वाटेने आत शिरतेय.

या नको त्या विजेवर ऑडिओवेड्या मंडळींमध्ये एक उपाय फार लाडका आहे. त्याचं भारदस्त नाव ऑप्टिकल आयसोलेशन. राउटरपासून म्युझिक स्ट्रीमरपर्यंत जाणारी तांब्याची लॅन केबल मध्येच तोडायची आणि तिथे दोन छोटे डबे बसवायचे. या डब्यांना मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. पहिला डबा विजेच्या सिग्नलचा प्रकाश करतो, दुसरा त्या प्रकाशाची परत वीज करतो. दोघांच्या मध्ये काचेचा केसाएवढा धागा. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे राउटरकडची विजेची घाण तिथेच अडते आणि डेटा तेवढा पुढे जातो. आयडिया खरंच सुंदर आहे. काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पाठवता येतं, हे हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगाचे नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. आज तसाच धागा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बनतो.

तरीही माझं म्हणणं असं की, हा तुमचा पहिला खर्च नसावा. बहुतेकांचा दुसरा किंवा तिसराही नसावा.

कारण यासोबत जी भाषा विकली जाते ती तपासून बघा. 'फायबर लावल्यावर बास खोल झाला', 'गायिका समोर येऊन बसली' वगैरे. नेटवर्कवरून आवाज येतच नाही हो, आकडे येतात. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे एका सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा, डावा-उजवा मिळून साधारण 1,411 किलोबिट. हे पॅकेटांत बांधून येतं. पॅकेट वाटेत खराब झालं तर ते फेकून नवं मागवलं जातं. मग सगळं बफरमध्ये साठतं आणि तिथून डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, आपल्या घड्याळाच्या ठेक्यावर एकेक नमुना वाजवते. पॅकेट काचेतून आलं की तांब्यातून, हे त्या आकड्यांवर कुठेही लिहिलेलं नसतं. नेटवर्क बिघडलंच तर गाणं अडखळतं, थांबतं. ते 'थोडं कोरडं' वाजत नाही.

आता फायबरवाल्यांची बाजू. ते म्हणतात, आकडे बरोबरच येतात, पण तारेवरून आकड्यांसोबत विजेचा गोंगाटही येतो आणि तो डॅकच्या नाजूक भागात घुसतो. हे मात्र खोटं नाही. फक्त अर्धवट आहे. प्रत्येक लॅन पोर्टमागे आधीच एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, आणि त्याने 1,500 व्होल्टचा दाब मिनिटभर सोसला पाहिजे असा इथरनेटचा नियमच आहे. वरच्या फ्रिक्वेन्सीचा थोडा गोंगाट त्यातूनही झिरपतो, मान्य. शील्डवाली, धातूच्या टोकांची केबल वापरलीत तर दोन्हीकडचे ग्राउंड त्या शील्डमधून जोडले जातात, हेही खरं. पण तिथे उपाय साधी, बिनशील्डची केबल हा आहे आणि ती स्वस्त मिळते.

आणि त्या दुसऱ्या डब्याचं काय? त्याला स्वतःचा अडॅप्टर लागतो. तो बहुतेक वेळा हलका, भरपूर कचकच करणारा असतो. शिवाय डब्यातून स्ट्रीमरपर्यंतचा शेवटचा तुकडा परत तांब्याचाच. म्हणजे राउटरचा गोंगाट अडवायला तुम्ही गोंगाटाचा नवा कारखाना स्ट्रीमरच्या शेजारी मांडला. मग त्या अडॅप्टरसाठी महागडा लिनियर पॉवर सप्लाय, मग त्याला साजेशी वायर... हा रस्ता कुठे जातो ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तिकडे ईएमआय उभा असतो.

खर्च करण्याआधी एक फुकटची टेस्ट करा. गाणं सुरू असताना लॅन केबल सरळ उपसून काढा. बफरमध्ये माल असतो, गाणं काही सेकंद तरी चालू राहतं. केबल निघाल्यावर आवाजात काही बदललं? हूं गेलं? गेलं असेल तर घाण त्याच तारेतून येत होती आणि फायबरचा तुम्हाला उपयोग होईल. काहीच बदललं नाही, तर काचेने काय बदलणार? तरीही फरक जाणवतोय असं वाटलं तर मित्राला तुमच्या पाठीमागे केबल लाव-काढ करायला सांगा आणि दहा वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. तेवढे आले तर मी तुमच्या बाजूने. आणि हो, वाय-फायवर ऐकत असाल तर तुमच्या आणि राउटरच्या मध्ये तारच नाही. तोडायचं काय?

खरी अडचण बहुतेक वेळा नेटवर्कच्या नाही, भिंतीच्या बाजूला असते. जुन्या वाड्यांत, स्वस्तातल्या फ्लॅटमध्ये थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेला असतं, मागे अर्थिंगची वायरच नसते. मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यावर हात फिरवला की झिणझिण्या येतात ना? चार्जरमधल्या फिल्टरमधून गळणारा तो बारीक करंट आहे. जमिनीत जायला वाट नाही म्हणून तो तुमच्या हातातून जातो, आणि ऑडिओ वायरच्या शील्डमधूनही. हूंचं एक कारण हे. दुसरं कारण याच्या उलट: अर्थिंग आहे, पण लॅपटॉप एका सॉकेटवर आणि अँप दुसऱ्या, आणि ऑडिओ वायरमुळे दोघांचं मिळून वेटोळं तयार झालंय. त्याला ग्राउंड लूप म्हणतात.

यावर एक सल्ला हमखास मिळतो: 'अरे, वरची पिन काढून टाक, हूं जातं.' जातं, खरंच जातं. पण उद्या अँपच्या आत लाइव्ह वायर बॉडीला टेकली, तर त्या करंटला जमिनीत नेणारी वाट तुम्ही आपल्या हाताने कापलेली असेल. हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा साउंडवाला असो. तोडायची तर सिग्नलची तार तोडा, अर्थची नाही. काही शे रुपयांचा ग्राउंड लूप आयसोलेटर ऑडिओ वायरमध्ये लावा. घरी टीव्हीला होम थिएटर जोडल्यावर गच्चीवरून आलेल्या डिश किंवा केबलच्या वायरमुळे घरघर येत असेल, तर टीव्हीमागच्या त्या चौकोनी ऑप्टिकल भोकात टॉसलिंक केबल खोचा. तोशिबाने हे 1983 मध्ये आणलं. हेही ऑप्टिकल आयसोलेशनच, फक्त त्याचा गाजावाजा नाही. आणि खोलीत अर्थिंगच नसेल तर भाडं देताना मालकांकडे मागा. वायरिंग तपासून आरसीसीबी बसवून द्या म्हणा. 'दुसरीकडे बघा' हे उत्तर मिळू शकतं, पण पाच रूममेट मिळून मागितलं तर तितक्या सहज मिळत नाही.

फायबर घ्यावं असं ठामपणे सांगेन ती जागा वेगळीच आहे. राउटर एका घरात आणि तुमची खोली गच्चीवर किंवा अंगणापलीकडे, मध्ये उघड्यावरून गेलेली तांब्याची केबल. मे-जूनमध्ये वळवाच्या विजा कडाडल्या की अशा केबलमधून आलेला झटका दोन्हीकडचे पोर्ट जाळतो. शंभर मीटरच्या पुढे तर तांब्याची लॅन मुळात चालायचीच नाही. इथे काच घाला, बिनधास्त घाला. फक्त धागा असा घ्या की ज्याच्यासोबत आधाराची लोखंडी तार नाही, नाहीतर वीज तिच्यावरून येईल. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कन्व्हर्टर मागताना जोडी मागा, एक 'ए' आणि एक 'बी'. एकाच धाग्यावर चालणाऱ्या प्रकारात एक ज्या रंगाचा प्रकाश सोडतो तोच दुसऱ्याने पकडायचा असतो. दोन्ही 'ए' घेऊन आलात तर लिंकचा दिवा काही लागायचा नाही, आणि दुकान रविवारी बंद असतं.