पत्रातला एक शब्द आणि घरभाडे

जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला इंटर्नशिप मिळाली की इकडे पेढे वाटले जातात. तिकडे त्याची धावपळ सुरू होते ती पत्त्यासाठी. नव्या शहरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते द्यायला नकार देणाऱ्या मालकाची स्वस्त खोली शेवटी महागच पडते.

पण खरी मेख मोबदल्यात आहे. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप किमान वेतनाच्या कायद्यातून वगळलेली आहे. ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांहून अधिक काळाची असेल, तर मात्र पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे लागते. २०२५ मध्ये ते तासाला १२.८२ युरो होते. म्हणजे म्युनिकसारख्या शहरात भाडे कमाईतून निघणार की वडिलांच्या कर्जातून, हे बऱ्याचदा विद्यापीठाच्या पत्रातला ‘अनिवार्य’ हा शब्द ठरवतो. काही कंपन्या तर ‘अनिवार्य’वालेच इंटर्न घेतात, त्यामागचे गणित उघड आहे. आपल्याकडच्या मार्गदर्शन वर्गांत व्हिसाच्या मुलाखतीची तालीम होते. कराराचा हा भाग तिथे आधी शिकवायला हवा, कारण सही झाल्यावर घासाघीस करायला जागा उरत नाही.