विश्लेषण : रॅम महागली, मग ६० हजारांतला गेमिंग पीसी आता कसा जुळवायचा?

‘सुटे भाग आणून पीसी जुळवतो, ६०-६५ हजारांत होईल,’ असे उमरीतल्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याने वर्षभरापूर्वी घरी सांगितले असते, तर ते खोटे नव्हते. आज तीच यादी दुकानदाराला दाखवली, तर बिल दहा-पंधरा हजारांनी फुगलेले दिसते. प्रोसेसर तोच, कॅबिनेट तेच. महागली ती रॅम आणि तिच्या मागोमाग एसएसडी. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. त्या हिशेबाने ६० हजार रुपये म्हणजे सव्वाअकरा क्विंटल सोयाबीन, तेही पूर्ण हमीभाव पदरात पडला तर. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने नांदेड जिल्ह्यातील पिके झोपवल्यानंतर ही रक्कम हलकी नाही. त्यामुळे कोणता भाग आधी घ्यायचा, कोणता पुढे ढकलायचा आणि कुठे पैसा वाचवायचा नाही, हे नव्याने ठरवावे लागणार आहे.

रॅम एवढी महागली कशामुळे?

जगातील बहुतांश डीरॅम चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. घरातल्या पीसीची रॅम, मोबाइलची मेमरी आणि एआय सर्व्हरमध्ये लागणारी ‘एचबीएम’ ही खास मेमरी, सगळे याच कारखान्यांतून येते. एचबीएममध्ये चिपचे थर एकावर एक रचलेले असतात. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ मेमरीच्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतात. नफाही तिच्यात जास्त. त्यामुळे एआय डेटा सेंटरची मागणी वाढली तशी कंपन्यांनी उत्पादनक्षमता तिकडे वळवली आणि साध्या रॅमच्या वाट्याला कमी वेफर उरले.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने ‘स्टारगेट’ प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी प्राथमिक करार जाहीर केले. त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या मागणीची चर्चा होती. पुढच्याच महिन्यात रॉयटर्सने दिलेल्या वृत्तानुसार सॅमसंगच्या ३२ जीबी डीडीआर५ मोड्यूलचा करारातील भाव सप्टेंबरमधील १४९ डॉलरवरून २३९ डॉलरवर गेला. ३ डिसेंबरला मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. पुरवठा फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच. आपल्याकडे स्वस्त आणि खात्रीची रॅम म्हणून अनेक दुकानदार हाच ब्रँड पुढे करत असत.

फटका फक्त रॅमपुरताच आहे का?

नाही. एसएसडीतील नँड चिपही याच कंपन्या बनवतात आणि तिथेही डेटा सेंटरची मागणी वाढली आहे. ग्राफिक कार्डवरची व्हीरॅम हीसुद्धा डीरॅमचाच प्रकार, त्यामुळे जास्त मेमरी असलेल्या कार्डांवर दबाव राहणार. त्यात डिसेंबरमध्ये डॉलरने प्रथमच ९० रुपयांची पातळी ओलांडली. जवळपास सगळे भाग आयात होत असल्याने ती वाढही ग्राहकाच्याच बिलात येते.

२२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी कपातीचा इथे फारसा उपयोग नाही. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गेमिंगसाठी घेतल्या जाणाऱ्या २४ इंची मॉनिटरवर आणि पीसीच्या सुट्या भागांवर तो आधीही १८ टक्केच होता.

भाव उतरेपर्यंत थांबावे का?

नवा मेमरी कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. अमेरिकेतील आयडाहोमधील मायक्रॉनच्या नव्या कारखान्यातून पहिले वेफर २०२७ च्या मध्याच्या सुमारास अपेक्षित आहेत. गुजरातमधील साणंदचा मायक्रॉन प्रकल्प चिपच्या जुळणीचा आणि चाचणीचा आहे. तिथे वेफर तयार होत नाहीत. म्हणजे ‘दोन महिन्यांत दिवाळी सेल येईल, तेव्हा घेऊ’ असा हा मामला नाही. ज्याचे शिक्षण किंवा काम अडले आहे त्याने गरजेपुरते आत्ता घ्यावे. ज्याच्याकडे चालता पीसी आहे त्याने केवळ हौसेसाठी या भावात रॅम घेऊ नये.

पीसी नेमका कशासाठी, हे आधी का ठरवावे?

कारण गेमनुसार खर्च निम्म्याने बदलतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा जीटीए ५ यांना महागडे कार्ड लागत नाही. नव्या, मोठ्या गेम उच्च सेटिंगवर खेळायच्या असतील तरच लागते. अनेक जण ‘जीटीए ६ साठी’ म्हणून आत्ताच पीसी जुळवायला निघाले आहेत. पण १९ नोव्हेंबर २०२६ ही तिची जाहीर तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठीची आहे. पीसी आवृत्तीची घोषणा झालेली नाही. जी गेम पीसीवर आलेलीच नाही तिच्यासाठी आज कर्ज काढण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न स्क्रीनचा. मध्यम बजेटमध्ये २४ इंची, १०८० पिक्सेलचा मॉनिटर पुरेसा आहे. फोरकेच्या नादाने ग्राफिक कार्डाचा खर्च कितीतरी वाढतो.

रॅम किती घ्यावी आणि कशी?

आज १६ जीबी ही गेमिंगसाठी किमान सोय. ३२ जीबी चांगली, पण या भावात ती चैन आहे. आतापर्यंत सल्ला असायचा तो ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घेण्याचा, कारण दोन पट्ट्यांमुळे डेटाचा मार्ग रुंद होतो. आता त्यात भेद करावा लागेल. वेगळे ग्राफिक कार्ड असेल तर १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवणे शहाणपणाचे. वेग थोडा कमी मिळतो, पण पुढे भाव उतरल्यावर दुसरी पट्टी टाकता येते आणि पहिली वाया जात नाही. कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचे असेल, तर मात्र दोन पट्ट्याच हव्यात. अशा पीसीत ग्राफिक्सही रॅमच वापरते आणि एका पट्टीवर ते चांगलेच मंदावते.

घरात किंवा मित्राकडे जुन्या पीसीतील डीडीआर४ रॅम पडून असेल, तर ते आता भांडवल आहे. मात्र डीडीआर४ पट्टी डीडीआर५ मदरबोर्डवर बसत नाही आणि लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपला चालत नाही. जुनी रॅम विकत घेताना मेमटेस्ट८६ हे मोफत साधन रात्रभर चालवून पाहावे. एकही चूक दाखवली तर पट्टी परत करावी.

मग प्रोसेसर आणि मदरबोर्ड कोणता?

इथे तीन वाटा दिसतात. जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ. इंटेलच्या या प्रोसेसरसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात, त्यामुळे बोर्डाचे नाव नीट वाचूनच पैसे द्यावेत. रॅम वाचल्याने या वाटेने मध्यम ग्राफिक कार्डासह सीपीयू साधारण ६० हजारांत बसू शकतो.

रॅम नवीच घ्यायची असेल आणि बजेट ६० हजारांपुढे जाणारच नसेल, तर रायझन ५ ८६००जी सारखा अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर, एएम५ मदरबोर्ड आणि डीडीआर५ च्या दोन पट्ट्या. कार्ड आत्ता घ्यायचे नाही. हलक्या गेम आरामात चालतात, कॉलेजचे प्रोजेक्ट होतात आणि कार्ड पुढच्या वर्षी बसवता येते. एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही नव्या प्रोसेसरची साथ देऊ, असे एएमडीने सांगितले असल्याने बोर्ड लवकर निकामी ठरणार नाही.

तिसरी वाट म्हणजे नवी रॅम आणि कार्ड दोन्ही एकदम. त्यासाठी मॉनिटर सोडून ७५-८० हजारांची तयारी ठेवावी. ‘६० हजारांत सगळे नवे’ असे सांगणारा जुना व्हिडीओ पाहून निघालेल्याची फसगत इथेच होते.

जुन्या ऑफिसचा पीसी घेऊन त्यात कार्ड टाकण्याचाही पर्याय आहे. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालवणारा, म्हणजे इंटेलच्या बाबतीत किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्याची खात्री करावी.

ग्राफिक कार्डात काय पाहावे?

मध्यम श्रेणीत एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० (८ जीबी) आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी (८ आणि १६ जीबी) ही २०२५ मध्ये आलेली कार्डे समोर आहेत. १०८० पिक्सेलवर ८ जीबी व्हीरॅम आज चालून जाते, पण नव्या गेममध्ये ती अपुरी पडू लागली आहे. कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल आणि फरक परवडत असेल तर १६ जीबीचे घ्यावे. इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० हेही या रांगेत आहे. मात्र जुन्या प्रोसेसरसोबत ते मागे पडते.

एसएमपीएसवर बचत का करू नये?

रॅमचे वाढलेले पैसे भरून काढायला बहुतेक जण एसएमपीएसवर कात्री लावतात. नेमके तेच करायचे नाही. तालुक्याच्या गावात विजेचा दाब सायंकाळी उतरतो, लाइट जाऊन येते तेव्हा झटका बसतो, डीपी जळाली की दोन-दोन दिवस जातात. हा सगळा मार आधी एसएमपीएस झेलतो. प्रस्तुत प्रतिनिधीने इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर पीसी चालवला होता. पावसाळ्यात लाइट येताच तो गेला आणि मदरबोर्डही घेऊन गेला. वाचवलेले होते दीड हजार, नुकसान झाले सात हजारांचे.

आरटीएक्स ५०६० ची कमाल वीज १४५ वॉट, ९०६० एक्सटीच्या १६ जीबी प्रकाराची १६० वॉट. प्रोसेसर आणि बाकीचे धरून पूर्ण सीपीयू तीनशे वॉटच्या आसपास जातो. त्यासाठी नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ दर्जाचा ५५० ते ६५० वॉटचा एसएमपीएस पुरतो. मोठा वॉटचा आकडा छापलेला पण कंपनीचे नाव न ऐकलेला एसएमपीएस घेऊ नये.

जोडीला यूपीएस हवा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस एवढ्या भाराला काठावर पडतो. १००० व्हीएचा घ्यावा. तो गेम चालू ठेवण्यासाठी नाही, पीसी नीट बंद करण्यासाठी असतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी टाकायचा असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएसही कुरकुरतात. आणि सगळ्यांत आधी घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हा खर्च कुठल्याच व्हिडीओत नसतो.

उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा ४२ अंशांपुढे जातो. त्यामुळे कॅबिनेट समोरून जाळीचे, धूळ अडवणारी फिल्टर असलेले आणि किमान दोन-तीन पंख्यांचे हवे. काचेचे बंदिस्त, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट दिसायला छान, पण मे महिन्यात ते भट्टी होते. वीजबिलाचाही हिशेब करावा. तीनशे वॉटने रोज चार तास खेळले तर महिन्याला साधारण ३६ युनिट वाढतात, आणि शंभर युनिटच्या आत असलेले घर वरच्या दराच्या टप्प्यात जाऊ शकते.

खरेदी कुठून करावी?

उमरीहून एकाच रेल्वेमार्गावर एकीकडे नांदेड आणि दुसरीकडे निझामाबादमार्गे सिकंदराबाद आहे. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये पर्याय जास्त आणि भावात घासाघीस होते. नांदेडमध्ये काही बिघडले तर दुकानदारापर्यंत पोहोचणे सोपे. ऑनलाइन भाव तुलनेसाठी पाहावेतच. मोठ्या फरकाने स्वस्त मिळत नसेल, तर एसएमपीएस, मदरबोर्ड आणि रॅम जवळून घेणे बरे, कारण तक्रारी बहुतेक याच तीन भागांच्या येतात.

सध्या कोटेशन बरेचदा त्या दिवसापुरतेच असते. त्यामुळे यादी पक्की झाली की रॅम आणि एसएसडी आधी घ्यावी, कॅबिनेट शेवटी. प्रत्येक भागाचे जीएसटी बिल वेगळ्या ओळीत आणि सीरियल नंबरसह मागावे. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी करतो’ हा व्यवहार टाळावा; वॉरंटीच्या दाव्यासाठी बिल लागतेच. ऑनलाइन पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडीओ काढावा. आणि घरच्यांना आकडा सांगताना मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस आणि अर्थिंगसह पूर्ण आकडा सांगावा.