आम्हाला सुट्टी हवी, शिबिर नको

घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक होती. माझ्या डब्याची भाकरी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. जेवताना तो कागद एकीने सरळ केला. त्यावर एका पर्यटन कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात होती. फक्त महिलांसाठी सहल, ग्रीसचं सान्तोरिनी बेट. कड्यावर पांढरी घरं, निळे घुमट, खाली समुद्र. कागद हातोहात फिरला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग साठीच्या पुढच्या एका मावशींनी विचारलं, "ताई, इतक्या उंचावर पाणी कोण भरतं?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचून काढलं. त्या बेटावर नदी नाही. पूर्वी लोक पावसाचं पाणी घराखालच्या टाक्यांत साठवून वर्षभर पुरवायचे. आज समुद्राचं खारं पाणी यंत्राने गोडं करून पर्यटकांची तहान भागवावी लागते. म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्याला जे सुचलं नाही, ते जालन्यातल्या बाईने चित्र बघताक्षणी ओळखलं. २०१३ च्या दुष्काळात टँकरमागे जिने रात्री काढल्या, तिला कुठलंही गाव आधी पाण्यावरूनच दिसतं.

त्याच बैठकीत दुसरा प्रश्न आला. "आपल्याला नेईल का कोणी असं बेटावर?" मी म्हटलं, ग्रीस लांब आहे, पण बेट आपल्याकडेही आहे. मुंबईला गेटवेवरून लाँचमध्ये बसलं की तासाभरात घारापुरी. कोरलेल्या लेण्या आहेत, चढायला पायऱ्या आहेत, चारी बाजूंनी समुद्र आहे. बसलेल्यांपैकी एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता. ठरलं, जायचं. जालन्याहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने निघायचं, दोन रात्री मुंबईत, एक दिवस बेटावर.

आणि मग तारीख ठरवायला बसलो.

मैत्रिणींनो, हा प्रयोग तुमच्या गटात करून पाहाच. बाईच्या वर्षातले रिकामे चार दिवस शोधा. आम्ही जूनपासून सुरुवात केली. जून-जुलैत पेरणी. पुढे खुरपणी, मजुरी तेव्हाच मिळते. श्रावणात सण, म्हणजे चुलीपुढे जास्त वेळ. गौरी-गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्राची घरसफाई. दसरा झाला की कापूस वेचणी, आणि गटातल्या चौघीजणी नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्याला. त्या परत येतात पाडव्याच्या सुमारास. तेव्हा हाताशी वेळ असतो म्हणावं, तर पाणी आटलेलं. चार दिवस बाई घरात नसली तर हंडे कोण आणणार? शिवाय लग्नसराई. असं करत करत आम्ही परत जूनला पोचलो. बारा महिने संपले आणि फळ्यावर एकही तारीख नव्हती.

पुरुषांच्या वर्षात असे दिवस सापडतात. पारावर रोजच सापडतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे बघा. २०१९ साली बिनमोल घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ साली बाईची २८९, पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली, तर पुरुषानेही आपली नऊ कमी करून घेतली! त्यातही हे ८८ घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचेच. जे लावतच नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत.

सुट्ट्या आमच्या बायकांना मिळत नाहीत असं नाही. मिळतात, पण देवाच्या नावाने. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाता येतं, आषाढीला पंढरपूरला, नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला. वारीच्या वाटेवर बाई मोकळी चालते, फुगडी खेळते, हे मी पाहिलंय आणि त्यातला आनंद मला कमी लेखायचा नाही. पण नवस, उपास, पुण्य असं काहीतरी कारण दाखवल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही, हे कसं विसरायचं? "मला समुद्र बघायचाय" हे कारण तिच्या घरात कारणच धरलं जात नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. पण तिकीट अर्धं झालं तरी परवानगी पूर्णच काढावी लागते.

घरोघरी काय ऐकावं लागलं ते सांगते. "म्हातारपणी काय समुद्र?" "पोरांच्या जेवणाचं काय?" "संस्थेच्या बाईने डोकं फिरवलं." आणि एका दिराने मोबाईलवर बातमी काढून दाखवली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीच्या धडकेने बुडाली, माणसं गेली. बातमी खरी आहे. त्यावर आम्ही बोललो. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि जास्तीची माणसं भरलेल्या लाँचमध्ये बसायचं नाही, हे ठरवलं. पण याच घरातल्या बायका पहाटे टेम्पोत उभ्याने कोंबून कापूस वेचायला जातात, उसाच्या मोळ्यांवर बसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात, तेव्हा कुठल्याही दिराला बातमी आठवत नाही. मजुरीला जाताना बाईचा जीव स्वस्त, आणि मजेला जाताना एकदम मौल्यवान, हे कसं काय?

हे झालं घरच्यांचं. आता आपलं. कारण मला खरा राग आपल्यावर आहे, आणि त्यात माझ्यावरही.

मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. त्या दोन वर्षांत गरिबीच्या व्याख्या शिकले, प्रस्ताव लिहायला शिकले. सहलीचा खर्च निघावा म्हणून मी ज्या संस्थेत तेव्हा काम करत होते तिथे टिपण दिलं. उत्तर आलं, सहलीसाठी शीर्ष नाही, 'अभ्यास दौरा' लिहा, उद्दिष्टं लिहा, शेवटी मूल्यमापन जोडा. मी लिहिलं! 'घारापुरी येथील स्थानिक महिलांच्या उपजीविकेचा अभ्यास', असं चक्क लिहिलं. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं, तर कोयत्यावर जाणारी एक बाई म्हणाली, "म्हणजे तिथं पण शिकवणारच का?"

मी तो कागद मागे घेतला. पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

एका जुन्या, जवळच्या सहकारी मैत्रिणीने मला सुनावलं. "या बायकांना पाणी नाही, किमान वेतन नाही, आणि तू सहली काढतेस. हे मध्यमवर्गीय खूळ आहे." तिच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण तिचं म्हणणं चूक आहे, आणि ते चळवळीच्या इतिहासालाही धरून नाही.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची मोठी सभा भरवली, तेव्हा मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही उभं राहून भाषणं केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्या गिरण्यांत तेव्हा उपाशी माणसं नव्हती का? होती. तरीही त्यांनी आधी पोट, मग सुट्टी असा क्रम लावला नाही. आपल्या संविधानाचं कलम ४३ बघा. शेतीतल्या, उद्योगातल्या किंवा अन्य सर्व कामगारांना जगण्यापुरतं वेतन मिळावं आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, यासाठी राज्याने झटावं, असं तिथे एकाच वाक्यात म्हटलंय. वेतन आणि फुरसत शेजारी शेजारी. आपणच मधे रेघ मारली.

आणि फुरसत नसते तेव्हा काय होतं, हे मराठवाड्याने वेगळं शिकायला नको. उसाच्या फडात एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा. खाडा म्हणजे नुसती मजुरी बुडणं नाही, वर मुकादमाचा दंड. पाळी असो, ताप असो, बाळंतपण होऊन महिना झालेला असो. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एक दिवस झोपून राहण्याची किंमत जिथे दंड भरून चुकवावी लागते, तिथे बाई आपलं शरीरच कापून कामाला सोयीचं करून घेते. आता सांगा, सुट्टी ही चैन आहे?

म्हणून मला त्या जाहिरातीतली सुट्टीही नको आहे. पैसे मोजून विकत घेतलेली, कुणा दुसऱ्याच बाईच्या अंगावर टाकलेली. त्या पांढऱ्या घरांतल्या चादरी रोज बदलणारं, संडास घासणारं कोणीतरी आहेच. हंगामात येऊन राबणारं आणि हंगाम संपला की निघून जाणारं. आमच्या कोयत्यासारखंच. घारापुरीलाही तेच. मुंबईच्या इतकं जवळ असून त्या बेटावर समुद्राखालून वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. पर्यटक लेण्या बघून संध्याकाळी परत जातात, मागे गाव उरतं. आमच्या बायका तिथे जातील तेव्हा पायऱ्यांवर कणसं, कैऱ्या विकणाऱ्या बायकांशी त्या बोलतीलच. त्यासाठी मला उद्दिष्ट लिहायची गरज नाही.

मागण्या साध्या आहेत. ऊसतोड बायकांना आठवड्याला एक दिवस भरपगारी सुट्टी, आणि खाड्याचा दंड बंद. आशाताईंना मानधन न कापता हक्काची रजा. आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकात 'सहल' असंच लिहिलेलं शीर्ष, मूल्यमापनाशिवाय. आणि कार्यकर्त्यांनाही सुट्टी. चळवळीत दमलेल्या बाईला आपण त्यागी म्हणून गौरवतो, तेव्हा आपणही सासूचंच काम करत असतो.

आता आमचं पुढे काय झालं ते. संस्थेचे पैसे नाहीत म्हटल्यावर बायकांनी महिन्याला पन्नास रुपये वेगळे टाकायला सुरुवात केली. गटाच्या वहीत त्याचा रकाना आहे, 'समुद्र' नावाचा. यादीत चौदा नावं आहेत. तीन नावं दोनदा खोडून पुन्हा लिहिली गेलीत, आणि प्रत्येक खोडण्यामागे एका घरातलं भांडण आहे. तारीख पाडव्यानंतरची, चौघी फडावरून परतल्यावरची. पाण्याचा प्रश्न होताच. त्यावर मावशींनीच तोडगा काढला. घरात पुरुष आहेत, त्यांना हात आहेत, हंडे घरात आहेतच. चार दिवस त्यांनी पाणी भरावं.

हा ठराव गटाच्या वहीत रीतसर लिहिलाय. खाली चौदा सह्या आणि अंगठे आहेत. तुमच्या गटात असा ठराव झाला तर आम्हाला कळवा.