पाकोळ्यांच्या गुहेत होडी नेऊ नका

येत्या उन्हाळ्यात तुम्ही मालवण, तारकर्ली, भोगवे किंवा निवतीला येणार असाल, तर होडीत बसण्याआधी एक विनंती ऐकून घ्या. सिंधुदुर्ग किल्ला बघा, डॉल्फिन बघा, सुरमई-भात पोटभर खा. होडी वेंगुर्ला रॉक्सकडे निघाली तरी खुशाल जा. फक्त तिथल्या गुहेशी पोचल्यावर तांडेलाला 'दादा, जरा आत घ्या ना' असं म्हणू नका. आणि त्याने आपणहून विचारलं, तर नको म्हणा.

वेंगुर्ला रॉक्स म्हणजे भर समुद्रात उभी असलेली खडकाळ बेटं. एकावर दीपगृह आहे. पर्यटनाच्या पाट्यांवर हल्ली त्यांना निवती रॉक म्हणतात. इथल्या एका बेटाच्या पोटात लाटांनी गुहा कोरली आहे आणि तिच्या भिंतींवर पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही वसाहत काही आज सापडलेली नाही. हुमायून अब्दुलाली यांनी १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या सुरय पक्ष्यांवर आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला होता. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीपासून हे पक्षी तिथे नांदत आहेत.

पाकोळी चिमणीपेक्षाही लहान आणि काळपट तपकिरी असते. तिचे पाय इतके दुबळे की तिला फांदीवर बसता येत नाही, उभ्या खडकाला नख्यांनी लटकावं लागतं. दिवसभर ती हवेतच असते आणि उडता उडता किडे टिपते. अंधाऱ्या गुहेत शिरताना ती टिक-टिक-टिक असा आवाज काढत जाते. तो आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि त्यावरून तिला वाट कळते. वटवाघळांचा आवाज आपल्या कानांना सहसा ऐकू येत नाही, पाकोळीचा मात्र स्पष्ट येतो. घरटं ती बांधते ते स्वतःच्या लाळेने. गवताच्या काड्या, शेवाळ, पिसं लाळेत कालवून ती थर थर लावत जाते. मग ओल्या खडकाला चिकटलेलं, करवंटीच्या तुकड्यासारखं एक इवलंसं घरटं तयार होतं. त्यात दोन पांढरी अंडी. बस्स, एवढाच तिचा संसार.

या लाळेपायीच तिच्यावर एकदा मोठं संकट आलं. पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप पूर्वेकडच्या देशांत फार महाग विकलं जातं. आपल्याकडच्या जातीच्या घरट्यात काडीकचरा मिसळलेला असतो, तरीही चोरांनी ती सोडली नाहीत. गुहेत बांबूच्या परांच्या बांधून भिंती खरवडल्या जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, पक्षी अभ्यासकांनी आणि वन खात्याने या चोरीविरुद्ध खटपट केली, म्हणून ही वसाहत तगली. त्या माणसांनी लाटांवर हेलकावे खात जे राखलं, ते आपण सुट्टीच्या उत्साहात घालवायचं का?

घरटं काढणाऱ्याला आपण चोरी करतोय हे ठाऊक असतं. आत शिरणाऱ्या पर्यटकाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याला निसर्ग आवडतो, मुलांना दाखवायचा असतो. म्हणूनच त्याला अडवणं जास्त कठीण जातं.

आत होडी गेली तर नेमकं काय होतं, ते सांगतो. पाकोळ्यांचा विणीचा काळ साधारण मार्च ते जून, म्हणजे नेमका आपल्या शाळांच्या सुट्ट्यांचा काळ. पावसाळ्यात त्या खडकांकडे फिरकण्याची कुणाची छाती नसते, तेव्हा पाकोळ्यांना माणसाचा त्रासही नसतो. समुद्र शांत असतो तेव्हाच आपल्याला जाता येतं, आणि तेव्हाच त्यांची पिल्लं घरट्यात असतात. बंद गुहेत इंजिनाचा आवाज दुमदुमतो, धूर कोंडतो, कुणी मोबाइलचा टॉर्च मारतं, कुणी शीळ घालून प्रतिध्वनी ऐकतं. पाकोळ्या घाबरून एकदम उडतात. त्या गडबडीत अंडं किंवा पिल्लू खाली पडलं की संपलं. खाली पाणी आणि खडक. आई त्याला उचलून वर ठेवू शकत नाही, तुम्हीही नाही. एका होडीने वसाहत उठणार नाही, हे खरं. पण सुट्टीच्या रविवारी एकामागून एक होड्या लागतात आणि प्रत्येक होडीतल्या माणसांना वाटतं, आपण एकदाच तर जातोय.

शिवाय गर्दी वाढणारच आहे. नौदलातून निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार हे जहाज निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची सरकारी योजना आहे. जिल्ह्यात रोजगार यावा असं मलाही मनापासून वाटतं. मात्र जहाज बघायला येणारा माणूस गुहेपर्यंत जाणार की नाही, हे आधीच ठरवायला हवं. माणसं येऊन थडकल्यावर नियम करायला बसलं की भांडणंच होतात.

होडीवाल्या भावांनो, तुमची अडचण मला कळते. एकाने नको म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाऊन बसतं, आणि डिझेलचा खर्च काही थांबत नाही. म्हणून हे एकट्यादुकट्याने करायचं कामच नाही. हंगाम सुरू होण्याआधी बंदरावर सगळे बसा आणि ठरवा: गुहेच्या तोंडापासून किती लांब थांबायचं, तिथे इंजिन मंद ठेवायचं, भोंगा आणि गाणी बंद, बेटावर कुणाला उतरवायचं नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं की गिऱ्हाइकाला जायला दुसरी होडीच उरत नाही. पोर्तुगालमध्ये बेनागिल नावाची समुद्रगुहा जगभर प्रसिद्ध आहे. तिथे गर्दी हाताबाहेर गेली, तेव्हा २०२४ मध्ये गुहेतल्या वाळूवर उतरायला आणि पोहत आत जायला बंदी घातली गेली. लोक अजूनही येतात आणि बोटींचा धंदाही चालूच आहे.

इतक्या लांब जायला नको असेल तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दोरीच्या अलीकडे उभं राहून बघायची, हात लावायचा नाही, हे तिथे येणाऱ्या शहरातल्या माणसांनी निमूट मान्य केलं. गावातल्या घरांना पाहुणे मिळाले आणि कासवंही राहिली. पाकोळ्यांसाठी तर दोरीसुद्धा लागत नाही. संध्याकाळी बाहेर होडीत शांत बसलात तर परतणारे थवे डोक्यावरूनच जातात.

घरगुती निवास चालवणाऱ्या ताई-वहिनींनाही एक सांगणं. पाहुणे सकाळी चहा घेताना 'आज काय बघू' असं तुम्हालाच विचारतात. तेव्हाच सांगून टाका की गुहा बाहेरूनच बघायची. तुमचं म्हणणं ते आमच्यासारख्यांच्या लेखापेक्षा लवकर ऐकतील.

आणि पर्यटकांनो, कुणी गुहेतला व्हिडिओ पाठवला तर तो पुढे ढकलू नका. असं एक रील बघून पुढच्या आठवड्यात शंभर माणसं तेच मागायला येतात. गुहेत शिडी, बांबू किंवा पोती घेऊन कुणी दिसलं तर स्वतः जाब विचारायला जाऊ नका, समुद्रात ते धोक्याचं आहे. होडीचं नाव, तिच्यावरचा नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. किनाऱ्यावर आलात की वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून तेवढं कळवा.