वाक्यातून गाळलेला कर्ता

‘डिरॅकने भाकीत केले, अँडरसनने शोधून दाखवले.’ पॉझिट्रॉनची कहाणी या एका ओळीत उरकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. मी उर्दू-मराठी शिकवतो, भौतिकशास्त्र माझा प्रांत नाही, कबूल. पण कर्ता गाळलेलं वाक्य मला ओळखू येतं. उर्दू व्याकरणात कर्त्याला ‘फाइल’ म्हणतात. इथे ती फाइलच गहाळ आहे!

१९३० च्या सुमारास कॅलटेकमध्ये चुंग-याओ चाओ हा चिनी विद्यार्थी थोरियमचे गॅमा किरण शिशावर सोडत होता. शिसं हिशेबापेक्षा जास्त किरण गिळत होतं, वर सुमारे पाच लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचं वेगळंच प्रारण बाहेर टाकत होतं. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होतो, त्याची ती खूण. तेव्हा कुणालाच कळली नाही. शेजारी काम करणाऱ्या कार्ल अँडरसनचं मात्र या प्रयोगांकडे लक्ष होतं. पुढे त्यानेच ते सांगितलं.

२ ऑगस्ट १९३२ चा त्याचा फोटो मी कमी लेखत नाही. क्लाउड चेंबरमध्ये ६ मिलिमीटर जाडीची शिशाची पट्टी. तिच्या वरच्या बाजूला रेघ जास्त वाकलेली. म्हणजे कण खालून आला आणि शिशात दमला. दिशा कळली, म्हणून भार धन ठरला. लाजवाब! पण अँडरसन वैश्विक किरण तपासत होता, डिरॅकचं भाकीत नव्हे. १९३६ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. चाओला काहीच नाही, आणि मुलांच्या पुस्तकांत नावसुद्धा नाही. एक ओळ वाढवायला किती शाई लागते हो?